विमानतळापुरतं इंग्रजी

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५९, शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. बरीच वर्षं बचत गटातून मसाले आणि पापडांचा व्यवसाय सांभाळतात. लेक शिकागोजवळ राहते, तिचं पहिलं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. व्हिसा मिळाला आहे, मुंबई, दुबई, शिकागो असं ऑक्टोबरचं तिकीटही काढून झालं आहे. यजमानांना दुभती जनावरं सोडून निघता येत नाही, म्हणून ताई एकट्याच जाणार. इंग्रजी बोलता येत नाही या काळजीने त्यांची झोप उडाली आहे. तालुक्याच्या गावी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं, पण तिथे काळ आणि क्रियापदांची रूपं चालली आहेत आणि बरोबरची कॉलेजची मुलं कधीच पुढे निघून गेली. लेक-जावई म्हणतात, व्हीलचेअर लिहून टाकू, म्हणजे कुणाशी बोलायची वेळच येणार नाही. ताईंचे गुडघे मात्र ठणठणीत आहेत आणि धडधाकट असताना चाकाच्या खुर्चीत बसणं त्यांच्या मनाला पटत नाही. धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं, त्या बाजूला जाणारं ओळखीचं कुणी मिळेपर्यंत तारीख पुढे ढकला. ताई विचारतात, दोन महिन्यांत माझं इंग्रजी निभावण्याइतकं होईल का? व्हीलचेअर घेऊ का? की जाणंच रद्द करू?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला ते फार मोलाचं वाटलं. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन वकिलातीत तुमची व्हिसाची मुलाखत मराठीत झाली. कशाला जाताय, किती दिवस राहणार, मागे घरी कोण आहे, हे तिथल्या अधिकाऱ्याने तुमच्याच भाषेत विचारलं आणि तुमची उत्तरं त्याला पटली. या प्रवासात बोलून समजावून सांगण्याचा अवघड प्रसंग तोच होता, आणि तो तुम्ही पार पाडलात. आता उरलंय ते बरंचसं वाचायचं, दाखवायचं आणि विचारायचं काम. त्याला इंग्रजी लागतं, हे खरंच. पण ते कोणतं लागतं याबद्दल तुमची, तुमच्या क्लासच्या सरांची आणि तुमच्या लेकीचीही समजूत थोडी चुकते आहे.

विमानतळावर कुणी तुमच्याशी गप्पा मारायला बसलेलं नसतं. काउंटरवरच्या मुलीसमोर लांबलचक रांग असते. तिला तुमच्याकडून पासपोर्ट हवा असतो, पूर्ण वाक्य नको असतं. तिथल्या इंग्रजीचा मोठा हिस्सा म्हणजे आकडे आणि सुटी अक्षरं: फ्लाइटचा नंबर, गेटचा नंबर, सीटचा नंबर, वेळ. त्यापलीकडे तीस-चाळीस शब्द. त्यातलेही पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, बॅग, टर्मिनल, फ्लाइट, चेक-इन हे तुमच्याच पत्रात आलेले आहेत, आणि तुम्ही ते मराठी समजूनच लिहिले आहेत. 'ही गो' की 'ही गोज' यावर तुमचं विमान अडणार नाही. क्लासमध्ये मागे पडल्याचं जे दुःख तुम्ही लिहिलं आहे, ते या प्रवासापुरतं तरी मनातून काढून टाका. तो क्लास वेगळ्या कामासाठी आहे.

प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्यांचंच बघा. परदेशी जाणाऱ्या विमानांचे वैमानिक आणि जमिनीवरचे नियंत्रक एकमेकांशी बहुतेक करून इंग्रजीत बोलतात. कुणी ब्राझीलचा, कुणी जपानचा, कुणी तुर्कस्तानचा. पुष्कळांच्या घरात इंग्रजी नसतंच. म्हणून आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने रेडिओवर बोलायचे शब्द ठरवून दिले आहेत, थोडे आणि पक्के. २००८ पासून या वैमानिकांची भाषेची परीक्षाही होते. तिच्या सहा पातळ्या आहेत आणि चौथी गाठली की परदेशी उड्डाण करता येतं. त्या पातळीला उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, समोरच्याला समजण्याशी मतलब. नीट कळलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, म्हणजे पुन्हा सांगा. यात कमीपणा नाही, ती कामाची रीतच आहे. आणि नियंत्रकाने महत्त्वाची सूचना दिली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. याला 'रीडबॅक' म्हणतात. ऐकण्यात चूक झाली असेल तर समोरचा तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

ताई, दोन महिन्यांत एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. कुणी सांगितलं, "गेट बी फिफ्टीन", की तुम्ही लगेच विचारायचं, "बी, वन फाइव्ह?" तो "यस" म्हणेल, नाहीतर "नो, फाइव्ह झिरो" म्हणेल. फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी या जोड्या गोंगाटात अस्सल इंग्रजी बोलणाऱ्यांनाही चकवतात. एकेक आकडा सुटा म्हटला की घोळ मिटतो. त्याच्या जोडीला तीन छोटी वाक्यं तोंडात बसवा: "से अगेन, प्लीज." "स्लोली, प्लीज." आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर वही-पेन पुढे करून "राइट हिअर, प्लीज." ही तीन वाक्यं ज्याला न लाजता म्हणता येतात त्याचं विमानतळावर अडत नाही, असं मी आजवर पाहत आले आहे.

आता मुंबईपासून निघू. तुमचं विमान छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल २ वरून. दारातला जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा. तो हिंदीत बोलतो आणि तिकीट-पासपोर्ट पाहून आत सोडतो. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याशीही हिंदीत बोलता येतं. मुंबईत भाषेचा प्रश्न जवळजवळ नाहीच. मुंबईत धोका असतो तो तारखेचा. तिकिटावर समजा १० ऑक्टोबर, ०४:३० असं आहे, तर ती ९ तारखेची रात्र संपतानाची पहाट. सांगलीहून मुंबई आठ-नऊ तासांचा रस्ता, विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे घरातून ९ तारखेला दुपारीच निघायला हवं. चांगली शिकलेली माणसं इथे एक दिवस चुकतात आणि विमान गेल्यावर पोहोचतात. तिकिटावरची वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची असते, २२:०० म्हणजे रात्रीचे दहा, हेही लेकीबरोबर पक्कं करा.

चेक-इनच्या काउंटरवर दोन शब्द कानावर पडतील. 'चेक-इन बॅगेज' म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगा, 'केबिन बॅग' किंवा 'हँड बॅगेज' म्हणजे आपल्याबरोबरची छोटी. बॅग तुम्ही स्वतःच भरली का, कुणी काही न्यायला दिलं आहे का, असं विचारतील. 'पॅक' आणि 'युवरसेल्फ' हे शब्द ऐकले की समजा हाच प्रश्न आहे. उत्तर "यस, मायसेल्फ". ते उत्तर खरं असलं पाहिजे, म्हणून शेजारच्यांच्या मुलाला द्यायचं बंद पुडकं घेऊ नका, कितीही जवळचे असोत. 'पॉवर बँक' आणि 'लिथियम बॅटरी' हे शब्द आले तर त्या वस्तू फक्त केबिन बॅगेत चालतात. 'विंडो ऑर आइल' विचारलं तर 'आइल' सांगा. आइल म्हणजे मधल्या वाटेकडेची जागा. दुबई ते शिकागो चौदा-पंधरा तास बसायचं आहे; उठताना दर वेळी दोघांना उठवावं लागणं नको.

तिथून हलण्याआधी तुम्ही एक प्रश्न विचारायचा आहे: "बॅग्ज टू शिकागो?" बॅगेला लावलेल्या पट्टीवर ओआरडी ही तीन अक्षरं असली पाहिजेत. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचं ते सांकेतिक नाव, जुन्या ऑर्चर्ड फील्ड या नावावरून आलेलं. दुबईचं डीएक्सबी. मुंबईचं आजही बीओएम, बॉम्बेवरून. पट्टीवर ओआरडी असलं म्हणजे बॅगा थेट शिकागोला, दुबईत त्यांचं काही पाहायचं नाही. त्या पट्टीचा छोटा तुकडा तुमच्या हाती देतील किंवा पासपोर्टच्या पाठीमागे चिकटवतील. तो जपा.

आता बोर्डिंग पास. हा कागद जरा निवांत वाचायला शिका, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात तोच तुमच्यासाठी बोलणार आहे. तुम्हाला बहुधा दोन मिळतील, एक दुबईपर्यंतचा, एक शिकागोपर्यंतचा. नाव आडनावापासून सुरू होईल, ते पाहून दचकू नका. 'फ्लाइट' या शब्दाखाली दोन अक्षरं आणि आकडे. तुमची विमानकंपनी एमिरेट्स, म्हणून अक्षरं ईके. 'डेट' म्हणजे तारीख. 'सीट' खाली ३४ सी असं काहीतरी: ३४ ही रांग, सी ही रांगेतली जागा. 'गेट'ची जागा कधी कोरी असते, विशेषतः दुसऱ्या पासवर, कारण तो नंबर नंतर ठरतो. आणि आता नीट बघा, वेळा दोन असू शकतात. 'बोर्डिंग' म्हणजे विमानात चढायला सुरुवात कधी, आणि 'डिपार्चर' म्हणजे विमान हलणार कधी. आपल्याला एसटीची सवय, गाडी हलेपर्यंत चढता येतं. विमानाचं दार सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधीच बंद होतं. म्हणून बोर्डिंगची वेळ ही आपली खरी वेळ. लेकीला कुणाचा तरी जुना पास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, त्याची प्रिंट काढा आणि या एकेका शब्दावर बोट ठेवून यजमानांना वाचून दाखवा. क्लासच्या एका महिन्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दुबईत उतरल्यावर गर्दी दोन बाजूंना फुटते आणि इथे एक शब्द डोळ्यांना पक्का हवा. 'अरायव्हल्स'ची पाटी दुबई शहरात जाणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला पाहिजे ती 'कनेक्शन्स' किंवा 'ट्रान्स्फर'ची पाटी. पुढचं विमान पकडणारे तिकडे जातात. हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून घ्या. म्हणता आले नाहीत तरी पाटीवर ओळखता आले पाहिजेत. पुढे पुन्हा हातातल्या सामानाची तपासणी होते. मग मोठे पडदे दिसतील. त्यावर शिकागो आणि ईके नंबर दोन्ही जुळवा, नुसतं गावाचं नाव पाहून निघू नका. समोर गेट दिसेल: ए, बी किंवा सी हे अक्षर आणि पुढे आकडा. अक्षर म्हणजे इमारतीचा भाग. काही भागांत आतल्या आत ट्रेनने जावं लागतं. गेटशेजारच्या शब्दांतही हालचाल चालू असते. 'ऑन टाइम' वेळेवर, 'डिलेड' उशिरा, 'बोर्डिंग' म्हणजे चढायला सुरुवात, 'फायनल कॉल' म्हणजे पाय उचला, 'गेट क्लोज्ड' म्हणजे संपलं.

तुम्ही लिहिलं आहे की घोषणा कळणार नाहीत ही तुम्हाला सगळ्यात मोठी भीती आहे. दुबईचा विमानतळ शांत विमानतळ म्हणून चालवतात. प्रत्येक विमानासाठी माइकवरून पुकारत बसत नाहीत. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यालाही तिथे पडदाच बघावा लागतो. म्हणजे या बाबतीत तुम्ही आणि तो एकाच रांगेत आहात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पडद्यासमोर जाऊन गेट बदललं नाही ना, एवढं पाहायचं. घड्याळ तेवढं दीड तास मागे घ्या, कारण पासवरची वेळ तिथली असते. आणि दुबईत हिंदी बिनधास्त बोला. दुकानात, सफाईला, मदतकक्षावर भारत, पाकिस्तान, नेपाळची माणसं भेटतातच. लुगडं नेसलेल्या, हातात पास घेतलेल्या आजीने "भैया, ये गेट किधर?" विचारलं आणि त्या माणसाने काम सोडून तिला सरकत्या जिन्यापर्यंत नेलं, असं मी तिथे उभी राहून पाहिलं आहे.

पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं चुकलं तर? एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली तर पुढची सोय करणं विमानकंपनीचं काम असतं. 'ट्रान्स्फर डेस्क' किंवा 'कनेक्शन डेस्क'वर दोन्ही पास ठेवा आणि "मिस्ड फ्लाइट, शिकागो" एवढं म्हणा. व्याकरण अपुरं आहे, अर्थ पुरा आहे. ते नवा पास देतील, तो रीडबॅक करून घ्या आणि लेकीला कळवा.

विमानात सोपं आहे. 'सीट बेल्ट', 'वॉटर', 'ब्लँकेट' तुम्हाला येतातच. स्वच्छतागृहाला 'लॅव्हेटरी' म्हणतात; दारावर 'व्हेकंट' म्हणजे रिकामं, 'ऑक्युपाइड' म्हणजे आत कुणीतरी आहे. जेवणाचं मात्र आधीच पाहायला हवं. तुम्ही शाकाहारी आहात, तर बुकिंगमध्ये एव्हीएमएल हा संकेत घालायला सांगा, म्हणजे आपल्या चवीचं शाकाहारी. एचएनएमएल म्हणजे 'हिंदू मील' असतं, आणि नाव पाहून लोक तेच निवडतात. त्यात मांस असू शकतं, गोमांस मात्र नसतं. जैन जेवणाला व्हीजेएमएल. ही सूचना किमान एक दिवस आधी जावी लागते, विमानात बसल्यावर बदलता येत नाही.

बॅगांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण बाळंतिणीसाठी काय काय न्यायचं ठरलं आहे ती यादी तुम्ही लिहिली आहे आणि ती वाचून मला सांगावंच लागेल. डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका, गरम मसाल्यातही नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. दुबईतून फक्त पुढे जायचं असलं तरी ती जवळ असणं म्हणजे फार मोठं संकट, तिथे याबद्दल लोकांना अटक झालेली आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भारतातून निघताना चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो. तूप, लोणचं, चटणी यांसारखं ओलं-पातळ काही १०० मिलिलिटरहून मोठ्या डब्यात हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरहून जास्त पूड असली तर वेगळी तपासणी होते, तेव्हा तुमचे मसाले मोठ्या बॅगेत जाऊ द्या. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं यांच्याही वाटेला जाऊ नका.

शिकागोला आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ५ ला लागतात. इमिग्रेशनच्या रांगा दोन दिसतील; 'व्हिजिटर्स'ची ती तुमची. खिडकीतला अधिकारी आधी बोटांचे ठसे आणि फोटो घेईल: 'फोर फिंगर्स', 'थम्ब', 'लुक अ‍ॅट द कॅमेरा'. मग प्रश्न विचारेल, बहुधा हेच. 'पर्पज ऑफ व्हिजिट', म्हणजे का आलात. "व्हिजिटिंग माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी." 'हाउ लाँग', म्हणजे किती दिवस. "फाइव्ह मंथ्स", आणि हातात परतीचं तिकीट. 'व्हेअर विल यू स्टे', म्हणजे कुठे राहणार. लेकीचा पत्ता इंग्रजीत लिहिलेला कागद पुढे करा. एक शब्द इथे टाळा, तो म्हणजे 'वर्क'. आपण सहज म्हणतो, लेकीकडे काम असतं, बाळाचं काम करायचं आहे. तिथे 'वर्क' ऐकलं की नोकरी समजतात, आणि व्हिजिटर व्हिसावर नोकरीला परवानगी नाही. खोटं काही बोलायचं नाही. लेकीला भेटायला आलात, हेच खरं कारण आहे आणि तेच सांगायचं.

प्रश्न समजलाच नाही तर अंदाजाने "यस, यस" म्हणू नका. आपल्या माणसांची ही सवय मला फार काळजीची वाटते. न कळता मान डोलावली की नको त्या गोष्टीला हो म्हटलं जातं, आणि समोरचा अधिकारी ते उत्तर समजूनच पुढे जातो. त्यापेक्षा सरळ म्हणा, "नो इंग्लिश. मराठी, प्लीज" किंवा "हिंदी, प्लीज." दुभाषा मागता येतो, पुष्कळदा तो फोनवरून बोलतो. त्याला थोडा वेळ लागतो, तुम्हाला बाजूला बसवतील. बाजूला बसवलं म्हणजे गुन्हा झाला असं समजू नका. किती मुदत मिळाली ते लेकीला नंतर आय-९४ या सरकारी नोंदीत ऑनलाइन पाहता येईल.

मग 'बॅगेज क्लेम'. पडद्यावर तुमच्या फ्लाइटसमोर बॅगा फिरत येतात त्या पट्ट्याचा नंबर असतो; त्या पट्ट्याला 'कॅरोसेल' म्हणतात. बॅग आली नाही तर विमानकंपनीच्या 'बॅगेज सर्व्हिस'च्या खिडकीवर तो जपलेला तुकडा दाखवा. ते तक्रारीचा कागद करून देतात, त्याला पीआयआर म्हणतात. तो घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बॅगेचा रंग सांगायला लागतो, म्हणून घरी निघतानाच बॅगांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. शेवटचा शब्द 'डिक्लेअर', म्हणजे काय आणलंय ते आपणहून सांगणं. खाण्याचे पदार्थ आहेत का विचारलं तर "यस. स्वीट्स, स्पायसेस, पिकल" असं सांगून टाका. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर काढून घेतात आणि तुम्हाला सोडतात. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो.

आता व्हीलचेअर. तुमच्या लेकीचा हेतू मी समजू शकते. आई एकटी कुठेतरी हरवेल या भीतीने ती हे सुचवते आहे. पण ही सोय ज्यांना लांब चालवत नाही त्यांच्यासाठी आहे, खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात, आणि खरोखर गरज असलेल्या आजी-आजोबांना त्यासाठी ताटकळत बसावं लागतं. तुम्हाला ते पटत नाही, हे बरोबरच आहे. शिवाय ज्या खिडकीची तुम्हाला भीती आहे तिथे उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात, खुर्चीत बसूनही. मात्र उद्या गुडघे दुखायला लागले किंवा चक्कर येत असेल, तर संकोच न करता खुर्ची घ्या. दम लागत असताना मानासाठी चालत राहू नये.

भाषा आणि वाट यांसाठी वेगळी मदत मिळते: 'मीट अँड असिस्ट'. वयस्क किंवा एकट्या, पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाला कर्मचारी सोबत नेतो. विमानकंपनीच्या नोंदीत तिचा संकेत एमएएएस असा असतो. लेकीने कंपनीला फोन करून, आईला इंग्रजी येत नाही, असं स्पष्ट सांगून ही नोंद करता येते का ते विचारावं. पैसे भरून मिळणारी सेवाही आहे, मुंबईत 'प्रणाम' आणि दुबईत 'मरहबा' नावाची. माझं मत विचाराल तर मुंबईला काही नको. दुबईतल्या बदलासाठी मदत घ्या, तीही मिळाली तर बरं म्हणून. गेट तुम्हाला स्वतःला वाचता येत असेल तर मदतनीस दहा मिनिटं उशिरा आला तरी धाबं दणाणत नाही.

सोबतीसाठी तारीख पुढे ढकलायला माझा विरोध आहे. बाळंतपण थांबणार नाही, आणि लेकीला तुमची गरज पहिल्या चाळीस दिवसांत आहे. सोबत हवीच असेल तर त्याच विमानाने जाणारं कुणी आहे का, हे शिकागोतल्या मराठी मंडळींत लेकीला विचारू द्या. मिळालं तर आनंद. कुणी "सोबत करतो, आमची एक बॅग तुमच्या नावावर टाका" म्हणालं तर नमस्कार करून बाजूला व्हा. आणि जाणंच रद्द करण्याबद्दल काय बोलू? बँकेत जाऊन गटाच्या कर्जाचे कागद वाचून सही करणारी बाई आहात तुम्ही. चाळीस शब्दांपायी नातवंडाचं पहिलं रडणं चुकवू नका.

क्लास सोडायला मी सांगणार नाही. पण सरांना विनंती करा की उरलेले दिवस तुमच्याकडून फक्त आकडे, अक्षरं आणि वेळा ऐकून लिहून घ्याव्यात. जलद म्हणायचं, तुम्ही वहीत उतरवायचं. घरी यजमानांना खिडकीतला अधिकारी करा. त्यांचं इंग्रजी तुमच्याहून कच्चं असलं तर उत्तमच, "से अगेन" म्हणायचा सराव होईल. लेकीने व्हिडिओ कॉलवर पाट्यांचे फोटो दाखवून तुम्हाला ओळखायला लावावेत. मोबाइलमध्ये गूगल ट्रान्सलेटचं मराठी इंटरनेटशिवाय चालेल असं उतरवून घ्या, पण बॅटरी संपते हे धरून लेकीचा फोन नंबर आणि पत्ता कागदावरही ठेवा, पासपोर्टबरोबर, मोठ्या बॅगेत नव्हे.

अशीच पत्रं आखातात पहिल्यांदा कामाला जाणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांचीही येतात. त्यांच्यासाठी इतकंच अधिक सांगते की त्यांच्या खिडकीवरचे प्रश्न नोकरीचे असतात, तेव्हा कंपनीचं नाव, पगार आणि राहण्याचा पत्ता करारावर जसा आहे तसाच सांगता आला पाहिजे. एजंटाने पढवलेलं उत्तर आणि कागदावरचं उत्तर वेगळं असेल तर विमानात बसण्याआधीच तो घोळ सोडवा.

ताई, आज लेकीशी बोलाल तेव्हा तीन गोष्टी तिच्याकडून करून घ्या. व्हीलचेअरची नोंद झाली असेल तर काढायला आणि त्याजागी मीट अँड असिस्ट मागायला सांगा. जेवण एव्हीएमएल करून घ्या. दोन्ही विमानांत आइलची जागा आत्ताच मिळते का ते बघायला सांगा, कारण उशीर केला तर मधल्या जागाच उरतात.